देवाची इच्छा शोधायची कशी आणि आपला हट्ट सोडायचा कसा: लग्न, नोकरी, व्हिसावाल्यांसाठी

देवाची इच्छा नक्की काय आहे हे कसं ओळखायचं, हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती समाजात तरुण मुलंमुली साधारण तीन वेळेला विचारतात, लग्न, नोकरी आणि व्हिसा. बाकी वेळेला आपलं आपण ठरवतोच, ईएमआयवर गाडी घेताना कोणी उपास धरलेला मी तरी पाहिला नाही. आणि त्या तीन वेळेलाही खरं सांगायचं तर बहुतेकदा निर्णय आधीच झालेला असतो, फक्त त्यावर प्रभूची सही पाहिजे असते. याकोबाने त्याच्या पत्रात चौथ्या अध्यायात अशाच लोकांना धरलंय, आज उद्या अमक्या गावाला जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, कमवू, सगळा प्लॅन तयार, आणि उद्या काय होणार ते माहीत नाही. तो प्लॅन करू नका म्हणत नाही हं, प्रभूची इच्छा असली तर, एवढं त्यात धरा म्हणतो. पण ते तोंडाने म्हणणं सोपं आहे, सगळेच म्हणतात. खरोखर धरायचं म्हणजे काय करायचं, सोमवारी सकाळपासून काय करायचं, ते इथे लिहिते.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा एक स्टाफ नर्स आहे, मिरज सांगलीकडची. आपल्या समाजात घरटी एक तरी नर्स असतेच, मिशनरी डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून त्या भागात ही परंपराच झाली. तर हिला गल्फमधून ऑफर आलीय, पगार इथल्या कितीतरी पट, घरी आई एकटी, एक स्थळ पण चालू आहे, मुलगा पुण्यात. एजंट म्हणतोय पंधरा दिवसात सांगा. आता ही काय करेल?

सगळ्यात आधी तिने स्वतःला एक प्रश्न विचारायचा, आणि हा प्रश्न टाळून पुढचं काहीही केलं तरी उपयोग नाही: देव नाही म्हणाला तर मी ऐकणार आहे का? बायबलमधलं गणना २२ काढून वाचा. बालाक राजाची माणसं बलामाकडे आली, चल इस्राएलाला शाप दे म्हणून, आणि देवाने पहिल्याच रात्री स्वच्छ सांगितलं, जाऊ नकोस. विषय संपला ना? पण मग आणखी मोठे सरदार आले, आणखी मानपानाचं बोलणं घेऊन, आणि हा म्हणतो थांबा आजची रात्र पण इथेच, बघू परमेश्वर आणखी काय म्हणतो. दिसायला प्रार्थना, आतून घासाघीस. पुढे वाटेत त्याच्या गाढवीला माणसासारखं तोंड उघडून बोलावं लागलं ते याच्यामुळेच.

ऐकणार का याचं उत्तर जर प्रामाणिकपणे नाही असं येत असेल तर तेच देवाला सांगा. खरंच. प्रभू, मला ही नोकरी इतकी पाहिजे की तू नको म्हणालास तर मी रागावेन, असं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केलं बघा, आधी स्वतःला काय पाहिजे ते सांगितलं, हा दुःखाचा प्याला टळून जावो, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आणि ते एकदा म्हणून उठला नाही, मत्तय सांगतो तीनदा प्रार्थना केली. म्हणजे प्रत्यक्ष देवाच्या पुत्राला इच्छा होती, ती त्याने बोलून दाखवली, लपवली नाही, मग आपण कशाला नाटक करायचं की मला काहीच नको, तुझी इच्छा तीच माझी इच्छा. जॉर्ज म्युलर, ते ब्रिस्टलचे अनाथाश्रमवाले, ते म्हणायचे की एखाद्या बाबतीत मनात स्वतःची काहीच इच्छा उरू नये इथपर्यंत मन आणायचं, तिथपर्यंत आलात की नव्वद टक्के अडचण गेली. मोठा माणूस, पण हे मला अर्धंच पटतं. इच्छा मेली पाहिजे असं नाही, ती खाली ठेवता आली पाहिजे. वहीत लिहून काढा सरळ. मला काय पाहिजे, का पाहिजे, कशाची भीती वाटते. आमच्या नर्सच्या वहीत कदाचित निघेल की गल्फची ओढ पगारापेक्षा त्या स्थळापासून पळायची आहे, किंवा उलट, आईचं कारण सांगतेय पण खरी भीती विमानाची आणि परक्या देशाची आहे. हे कागदावर आलं नाही तर पुढे ज्याला ज्याला देवाचा आवाज म्हणाल तो हाच आवाज असेल, फक्त शुद्ध मराठीत.

आधीच सांगून झालेलं परत विचारू नका

देवाची इच्छा म्हणून शास्त्रात सरळसरळ लिहिलेल्या गोष्टी आपण वाचतो आणि पुढे जातो कारण त्या आपल्या प्रश्नाचं उत्तर वाटत नाहीत. १ थेस्सलनीकाकरांस ४ मध्ये शब्दच आहेत की देवाची इच्छा ही, तुमचं पवित्रीकरण व्हावं. पुढच्या अध्यायात, सगळ्या परिस्थितीत उपकारस्तुती करा, ही तुमच्याविषयी देवाची इच्छा. मीखा ६ मध्ये, नीतीने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रतेने चाल. यात गल्फ की पुणे हे नाहीये. पण यातून बरंच काही आपोआप गळतं. एजंट जर म्हणाला की अनुभव दोन वर्षांचा आहे तो तीन वर्षांचा दाखवू, सर्टिफिकेट मी बघतो, तर त्यावर उपासप्रार्थना करायची गरज नाही, तिथे उत्तर आलेलं आहे. स्थळाकडचे हुंडा नाही म्हणतात पण फ्लॅटच्या डाऊन पेमेंटचं बघा म्हणतात, त्यालाही. मला वाटतं आपण ज्याला मार्गदर्शन मिळत नाही म्हणतो त्यातलं निम्मं असंच असतं, मिळालेलं असतं, आवडलेलं नसतं.

मग वचनाचं. नवीन वर्षाच्या रात्रीच्या भक्तीत एकेक वचन छापलेलं प्रॉमिस कार्ड उचलतो आपण, छान वाटतं, मी पण उचलते, आरशाला लावते. पण कार्डावरच्या वचनावर व्हिसाचा निर्णय घ्यायचा नाही. सगळ्यात जास्त कार्डांवर असतं यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. आता त्याच्या मागचं पुढचं वाचा. ते पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला कैदेत नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि अकरावं वचन यायच्या आधी दहाव्यात म्हटलंय की सत्तर वर्षं भरल्यावर. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचजण तिथेच मरणार होते. आणि त्यांना काय करायला सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि त्याच प्रकरणात इशारा आहे की तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला गोड गोड सांगतील त्यांचं ऐकू नका. अख्खं प्रकरण वाचलं तर आमच्या नर्सला यातून खरोखर काहीतरी मिळेल, परक्या गावात पाठवलेल्या माणसाने कसं राहायचं ते. फक्त एक ओळ घेतली तर मिळेल फक्त तिला हवं ते.

म्हणून निर्णयाच्या दिवसात बायबल डोळे मिटून उघडून बोट ठेवू नका. जे रोजचं वाचन चालू आहे तेच चालू ठेवा, क्रमाने, एक पुस्तक धरून. रोजचं वाचन नसेल तर आत्ता सुरू करा, हरकत नाही, मार्क घ्या, छोटं आहे. एखादं वाक्य टोचलं तर तारीख टाकून लिहून ठेवा आणि चार दिवसांनी परत बघा अजून टोचतंय का.

चिन्हं, उघडी दारं आणि ती प्रसिद्ध शांती

आता जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तिथे येते. आपल्या साक्षींमध्ये तीन गोष्टी हमखास ऐकू येतात: मी चिन्ह मागितलं, प्रभूने दार उघडलं, आणि मला शांती वाटली.

चिन्हाचं झालं तर सगळे गिदोनाची लोकर काढतात. शास्ते ६, त्याने रात्री खळ्यात लोकर ठेवून दव कशावर पडतं ते चिन्ह म्हणून मागितलं. पण गिदोनाला काय करायचं ते लोकर टाकायच्या आधीच सांगून झालं होतं, तू जा आणि इस्राएलाला सोडव. लोकर ओली जमीन कोरडी, मग लोकर कोरडी जमीन ओली, हे त्याचा धीर होत नव्हता म्हणून, आणि तो स्वतःच म्हणतो की देवा रागावू नकोस. देवाने सांभाळून घेतलं ही देवाची कृपा, पद्धत म्हणून शिकवायची गोष्ट नाही ती. दुसरं म्हणजे गिदोनाने निदान अवघड चिन्ह मागितलं, आपण मागतो की उद्या एजंटचा फोन आला तर तुझी इच्छा समजेन. एजंटचा फोन येणारच आहे हो, त्याला कमिशन आहे.

उघडं दार. देवाने योनाला निनवेला जा म्हटलं, तर तो तार्शीशला पळायला निघाला, योप्पा बंदरात गेला, तर तिथे नेमकं तार्शीशला जाणारं जहाज उभं. भाडं पण खिशात होतं. इतकं उघडं दार कोणाला मिळतं! आणि तो देवाच्या बरोबर उलट्या दिशेला चालला होता. दुसरं उदाहरण दावीदाचं, एन-गेदीच्या गुहेत लपलेला, बाहेर त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल तीन हजार माणसं घेऊन शोधतोय, आणि शौल एकटा त्याच गुहेत आला, याची माणसं कुजबुजली की हाच तो दिवस, परमेश्वराने शत्रू तुझ्या हातात दिला. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भाषेत सांगायचं तर कन्फर्मेशन मिळालं. दावीदाने झग्याचा काठ कापला आणि त्याचंसुद्धा त्याला वाईट वाटलं. दार उघडं होतं, पण परमेश्वराच्या अभिषिक्तावर, म्हणजे देवाने नेमलेल्या राजावर, हात टाकायचा नाही हे त्याला दाराच्या आधीपासून माहीत होतं. तेव्हा ऑफर आली, व्हिसा पटकन झाला, तिकीट स्वस्त मिळालं, ही माहिती म्हणून धरा, निकाल म्हणून नको. म्युलरची जी क्रमवारी होती त्यातपण परिस्थितीचा नंबर वचनाच्या नंतरच होता, आणि हे मात्र मला पूर्ण पटतं.

आणि शांती. परत योनाच. वादळ सुटलंय, खलाशी आपापल्या देवांचा धावा करतायत, माल समुद्रात फेकतायत, आणि हा खाली जाऊन गाढ झोपलाय. देवापासून पळणारा माणूस, आणि झोप अशी! उलट गेथशेमानेत जो अगदी बापाच्या इच्छेच्या मधोमध उभा होता त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. मग शांती म्हणजे पुरावा कसा काय? कित्येकदा निर्णय झाला, डोक्याची कटकट गेली, त्याचाच हलकेपणा असतो तो.

पण भावना काहीच कामाच्या नाहीत असंही नाही. इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघ स्थापन करणारा संत, वसईकडच्या कॅथलिक मंडळींनी हे नाव रिट्रीटमध्ये ऐकलेलं असेल, आमच्या प्रॉटेस्टंट लोकांनीही ऐकायला हरकत नाही. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणावर. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवायचा, मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. ख्रिस्ताचं आणि संतांचं वाचून जे वाटायचं ते मात्र नंतरही टिकायचं. एवढ्या निरीक्षणावर त्याने पुढे आख्खी साधना उभी केली. आपल्याला त्यातलं घेण्यासारखं हे, की पहिल्या झटक्यात काय वाटलं ते सोडा, नंतर काय उरतं ते बघा. एक आठवडा रोज सकाळी असं धरून चाला की मी जाणार आहे, ठरलंय. दुसरा आठवडा की नाही जाणार, ठरलंय. रोज रात्री दोन ओळी लिहा, प्रार्थना जवळची वाटली की लांबची, घरच्यांशी कशी वागले, विश्वास वाढतोय की नुसती चिडचिड. त्याचा आणखी एक नियम सोन्यासारखा आहे, मन उदास, कोरडं, काळोखात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि अडलंच तर त्याने दोन युक्त्या सांगितल्यात, एखादी अगदी अनोळखी मुलगी हाच प्रश्न घेऊन आली तर तिला मी काय सांगेन, आणि मरणाच्या वेळी मागे वळून बघताना मी काय ठरवलेलं असायला पाहिजे होतं. पंधरा दिवसांच्या मुदतीत हे सगळं बसतं, मी मुद्दाम बघितलं.

देवाच्या स्वाधीन म्हणजे पास्टरांच्या स्वाधीन नाही

हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे म्हणून जरा लांबण लागणार. आपला हट्ट सोडून देवाला चालवू द्यायचं, हे शिकवणारे बरेच असतात, आणि त्यातले काही हळूच देवाच्या खुर्चीत स्वतः बसतात. प्रभूने मला तुझ्याबद्दल दाखवलं, ते स्थळ तुझ्यासाठी नाही. प्रभू म्हणतो ही नोकरी सोड आणि सेवेत ये. प्रभू म्हणतो पहिला पगार इथे पेर, म्हणजे दान दे. आणि मुलगी बिचारी घाबरते, कारण नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं.

१ राजे १३ वाचा, आपल्याकडे यावर संदेश फार कमी ऐकायला मिळतात. यहूदातून एक देवाचा माणूस बेथेलला आला, राजाला तोंडावर संदेश सुनावला, देवाने त्याला सांगितलं होतं की तिथे जेवू नकोस, पाणी पिऊ नकोस, आल्या वाटेने परत जाऊ नकोस. राजाने बोलावलं तरी तो थांबला नाही. मग एक म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून त्याच्या मागे गेला आणि म्हणाला, मी पण तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, मला देवदूताने सांगितलं की तुला घरी घेऊन ये. शास्त्र तिथेच सांगतं, तो खोटं बोलला. हा गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. आता विचार करा, राजाला नाही म्हणता आलं, देवाच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. आणि देवाने हिशोब त्याच्याकडूनच मागितला. मला वरिष्ठांनी सांगितलं होतं हे उत्तर तिथे चाललं नाही.

म्हातारा खोटारडा होता, पण खोटारडा नसलेलाही चुकू शकतो. दावीदाने मंदिर बांधायचं मनात आणलं, नाथान संदेष्ट्याला सांगितलं, नाथान म्हणाला कर तुझ्या मनात आहे ते, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने नाथानाला परत पाठवलं की नाही, तू नाही बांधायचं. इच्छा चांगली, सल्लागार खरा, तरी उत्तर चुकीचं. मला नाथान आवडतो तो यासाठी की दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने आपलं बोलणं मागे घेतलं, असे पाळक भेटले तर सोडू नका. आणि कृत्ये २१ मध्ये तर आणखी गंमत, अगब संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले की यरुशलेमेत याला असं बांधतील. खरंच झालं तसं. पण ऐकून सगळे रडायला लागले की जाऊ नकोस, आणि पौल गेला. भविष्यवाणी खरी होती, तिच्यावरून लोकांनी काढलेला अर्थ पौलाचा अर्थ नव्हता.

मग कोणी येऊन म्हणालं की प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलंय, तर काय करायचं? १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये दोन्ही एकत्र दिलंय, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा. म्हणजे भांडायचं नाही, पायही धरायचे नाहीत. थँक्यू पास्टर, मी प्रार्थना करते, लिहून ठेवते, प्रभू मला पण सांगेल, असं म्हणायचं आणि घरी यायचं. समोरचा यावर चिडला, घाई करायला लागला, शाप लागेल म्हणाला, कोणाला सांगू नकोस म्हणाला, की समजायचं. सांगणाऱ्याचा त्यात काही फायदा आहे का हेही बघायचं, त्यात पाप नाही. आणि एक गोष्ट ठळक सांगते, डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर विश्वास असेल तर, किंवा नवरा मारतो तरी परत जा देवाची इच्छा आहे, असं जो सांगतो त्याचं ऐकायचं नाही, मग तो कितीही अन्य भाषा बोलो. गोळ्या चालू ठेवा, मार खात असाल तर आधी सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथूनही पोचते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी मला फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे तिथल्या सिस्टरबाई आणि चर्चचे वरिष्ठ यांनी अपेक्षा केली की आता सांगू ते सिद्धांत मुकाट मानावेत, तर रमाबाईंनी पत्रात सरळ कळवलं की मी नुकतीच हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटलेय, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला तयार नाही. कोणी म्हणेल ही तर स्वतःच्या मताची बाई, हिने काय देवाला चालवू दिलं. पण हीच बाई पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली, आई-वडील स्वतःच्या डोळ्यांसमोर उपासमारीने गेलेले तिने बघितले होते. शारदा सदनला, म्हणजे तिच्या विधवांच्या शाळेला, उत्पन्न हवं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली होती, तेवढाच हेतू. मग पुण्यात प्लेग आला, मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं, आणि त्या बागेच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. बाग लावताना तिला कुठे माहीत होतं. माणसांपुढे ताठ आणि देवापुढे वाकलेली, या दोन गोष्टी एकाच बाईत बसतात, किंबहुना मला तर वाटतं दुसरी असली की पहिली जमते.

तरी एकटीने ठरवायचं नाही

हे वाचून कोणी म्हणेल चला मग मी आणि माझा देव. तेही नको. कृत्ये १६ बघा, पौलाला आसियात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा माणूस उभा, इकडे या आम्हाला मदत करा. दृष्टान्त एकट्या पौलाला, पण पुढचं वाक्य आहे की आम्ही अनुमान केलं. आम्ही! प्रत्यक्ष पौलाने दृष्टान्तसुद्धा चारचौघांत मांडला.

तेव्हा तीन चार माणसं निवडा. एक तरी असा पाहिजे ज्याला तुमच्या जाण्याने किंवा राहण्याने काहीच फरक पडत नाही, एक वयाने मोठा, आणि एक असा जो तुम्हाला तोंडावर बोलतो. क्वेकर लोकांमध्ये एक चांगली रीत आहे, ज्याच्यापुढे प्रश्न आहे त्याच्याभोवती काहीजण बसतात आणि त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. आपल्या घरगुती प्रार्थनेत हे करून बघा, सल्ला न देता बसणं आपल्या लोकांना किती जड जातं ते बघण्यासारखं असतं, मावशी लोकांना तर फारच. पण चांगला प्रश्न दहा सल्ल्यांच्या वर काम करतो. तू गेलीस तर आईला रात्री बरं नाहीसं झालं तर कोण जाईल? तिकडे बऱ्याच ठिकाणी रविवारी सुट्टी नसते, मंडळीत कधी जाशील? असे.

आणि ज्यांना झळ लागणार आहे त्यांना आधी सांगा. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांनी प्रभूचं ऐकलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी काय मोजली ते स्मृतिचित्रे मध्ये वाचा. नवरा असून ताटातूट, नातेवाईकांच्या दारात राहणं, लोकांचं बोलणं. त्या पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या ते वेगळं. टिळकांच्या काळात घरी आधी सांगून बाप्तिस्मा घेणं शक्य होतं का हा प्रश्नच आहे, पण आमच्या नर्सला शक्य आहे. आईला व्हिसा लागल्यावर सांगायचं नाही, आधी सांगायचं.

उत्तरच आलं नाही तर?

येत नाही बरेचदा. पंधरावा दिवस उजाडतो, एजंटचा फोन वाजतोय, आणि वहीत ठोस काही नाही. अशा वेळी लक्षात ठेवा की देवाने बऱ्याच गोष्टी आपल्यावरच सोडल्यात आणि ते त्याने मुद्दाम केलंय. १ करिंथ ७ मध्ये पौल विधवेबद्दल लिहितो की तिने पाहिजे त्याच्याशी लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशी. पाहिजे त्याच्याशी! मुख्य दोर बांधला की आत मोकळीक आहे. कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेची सभा एवढा मोठा निर्णय कळवते तेव्हा भाषा काय, पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. म्हणजे यांनी डोकं वापरलं, वाद घातला, शास्त्र काढलं, अनुभव ऐकले, आणि मग. तर आमच्या नर्सने सुद्धा पाप कशात नाही ते बघितलं, वही लिहिली, चौघांना विचारलं, आईशी बोलली, आणि दोन्ही वाटा चांगल्या दिसतायत, तर एक निवडावी आणि प्रभू, मी ही निवडतेय, अडवायचं असेल तर अडव, असं म्हणून निघावं. पौलाला अडवलं ते तो चालत होता म्हणूनच ना.

मात्र मुदत माणसाने घातलेली असेल आणि मन खरोखर तयार नसेल तर नाही म्हणायलाही शिका. अब्राहामाला हारान सोडताना पंच्याहत्तर वर्षं झाली होती, शहाऐंशीव्या वर्षी हागारेकडून इश्माएल झाला कारण थांबवेना, आणि देवाने कबूल केलेला मुलगा इसहाक आला शंभराव्या वर्षी. मधल्या त्या घाईचा त्रास कोणाला झाला, हागारेला, तिच्या पोराला. ऑफर परत येतात, नर्सच्या तर येतातच.

निर्णय घेतला, गेली, आणि तिकडे पहिल्याच महिन्यात रडकुंडीला आली, रूमवर पाचजणी, ड्युटी बारा तास, तर लगेच म्हणायचं नाही की देवाची इच्छा नव्हती. पौल दृष्टान्त बघून फिलिप्पैला गेला, मासेदोनियाचा पुरुष बोलावत होता, भेटली लुदिया नावाची जांभळी वस्त्रं विकणारी बाई, आणि थोड्याच दिवसात पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात, पाय खोड्यात. मार्गदर्शन अगदी बरोबर होतं.

आणि खरंच न विचारता ठरवून बसला असाल, लग्न करून बसला असाल, बॉण्डवर सही करून बसला असाल, तर यहोशवा ९ वाचा. गिबोनी लोक फाटके जोडे आणि बुरसलेली भाकरी दाखवून लांबून आल्याचं नाटक करून आले, इस्राएलाने परमेश्वराला न विचारता करार केला, तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. लोक चिडले, पण सरदार म्हणाले शपथ घातलीय, मोडायची नाही. आणि पुढच्याच अध्यायात गिबोनावर पाच राजे चालून आले तेव्हा यहोशवा रात्रभर चालून त्यांच्या मदतीला गेला, आणि देव त्या लढाईत त्यांच्या बाजूने लढला, न विचारता केलेल्या कराराच्या लोकांसाठी. तेव्हा मार नाही, फसवणूक नाही, नुसतं पटत नाहीये, तर देवाची इच्छा नव्हती या कारणावर नवरा सोडता येत नाही आणि बॉण्डही मोडता येत नाही. बॉण्ड दोन वर्षांचा असेल तर दोन वर्षं नीट ड्युटी करायची, आईला रोज व्हिडिओ कॉल करायचा, जवळपास मराठी नाहीतर निदान हिंदी मंडळी शोधायची, आणि पुढच्या रिन्युअलच्या तीन महिने आधी वही परत काढायची.